गेले किती, वारले किती... आणि तिसरा आकडा

मंडळी, या वीकांताचा विषय जरा जड आहे. चहाचा मोठा कप घेऊन बसा.

कोल्हापूर, सातारा, सांगली, रत्नागिरी या भागातल्या काही गावांत चावडीच्या नाहीतर शाळेच्या भिंतीत एक जुनी दगडी पाटी दिसते. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने बसवलेली. मजकूर ठरलेला. या गावातून इतके लोक १९१४-१९१९ च्या महायुद्धात गेले, त्यांपैकी इतके कामी आले. बस्स. साताऱ्याजवळच्या अपशिंगे (मिलिटरी) या गावाचा दुसरा आकडा ४६ आहे. एका गावचे ४६ तरणे पुरुष!

दिवसभर डेटाबेसशी झटापट करणाऱ्या माणसाला असं दोन रकान्यांचं टेबल दिसलं की पहिला प्रश्न पडतो, तिसरा रकाना कुठाय? गेले उणे वारले बरोबर परत आले, हे गणित तिसरीतलं पोरगंही करेल. पण 'परत आले' हा आकडा वाटतो तितका सरळ नाही. जे हात-पाय गमावून आले ते गावाला दिसले. ज्यांचं शरीर शाबूत होतं पण जे बोलता बोलता शब्द विसरायचे, बाजारात गेल्यावर कशाला आलो ते ज्यांना आठवायचं नाही, दोन कामं एकदम सांगितली की जे गोंधळायचे आणि मग भडकायचे, त्यांचा हिशेब कुठल्याच पाटीवर नाही. हा लेख त्यांच्याबद्दल आहे.

कोल्हापूरच का? कारण या जिल्ह्यात मिल्ट्री हा घराघरातला विषय आहे. कागल, गडहिंग्लज, आजरा, चंदगड, भुदरगड, कुठल्याही तालुक्यात जा, एखादा सुभेदार नाहीतर हवालदार भेटतोच. शिरोळ तालुक्यात तर सैनिक टाकळी नावाचं गावच आहे. राजर्षी शाहू महाराजांनी पहिल्या महायुद्धात भरतीला उघड पाठिंबा दिला होता. कोल्हापूर संस्थानाची स्वतःची पलटण होती, राजाराम रायफल्स. विलीनीकरणानंतर तीच मराठा लाइट इन्फंट्रीची १९वी बटालियन झाली. रेजिमेंटचं केंद्र बेळगावात, शे-सव्वाशे किलोमीटरवर. टेंबलाईवाडीला टेरिटोरियल आर्मीची मराठा बटालियन आहे. आमच्या पिढीने हे सगळं शौर्यकथांमधून ऐकलं. आणि त्याच गावांत, त्याच कट्ट्यावर, आवाज खाली करून बोललं जाणारं एक वाक्यही ऐकलं: "लढाईवर जाऊन आल्यापासनं त्याच्या डोस्क्यात फरक पडलाय." यापुढे कोणी काही विचारत नाही. निदान संपलं, उपचार संपले, सगळं त्या एका वाक्यात.

आता थोडं मागे, १९१५ सालात जाऊ. 'शेल शॉक' हा शब्द आपण युद्धपटांत ऐकलेला असतो आणि डोळ्यासमोर थरथर कापणारा शिपाई येतो. पण हा शब्द पहिल्यांदा वैद्यकीय नियतकालिकात छापून आला तो कशासाठी होता माहितीये? विसरण्यासाठी. फेब्रुवारी १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स या मानसशास्त्रज्ञ डॉक्टरने 'लॅन्सेट'मध्ये तीन सैनिकांच्या केसेस लिहिल्या. लेखाच्या शीर्षकातच स्मृती, दृष्टी, वास आणि चव गेल्याचा उल्लेख आहे, आणि त्यात स्मृती पहिली. तोफगोळे जवळ फुटलेले, पण या त्रासाचं कारण म्हणून दाखवावी अशी जखम अंगावर नाही. मायर्सचा सुरुवातीचा अंदाज होता की स्फोटाच्या धक्क्याने काहीतरी होत असावं. पुढे त्याने शेकडो रुग्ण पाहिले, त्यातले कित्येक स्फोटाच्या आसपासही नव्हते. मग त्याचं मत मनावरच्या आघाताकडे झुकलं आणि आपणच रूढ केलेला शब्द त्याला नकोसा झाला.

इथे लष्कराची कारकुनी आली. (कारकुनी म्हणजे मेटाडेटा हो, दुसरं काय!) ब्रिटिश सैन्याने शेल शॉकचे दोन प्रकार पाडले. शत्रूच्या स्फोटामुळे झाला असेल तर कागदावर 'डब्ल्यू', म्हणजे जखमी. स्फोटाशी संबंध दाखवता आला नाही तर 'एस', म्हणजे आजारी. 'डब्ल्यू'वाल्याला जखमी सैनिकाची पट्टी आणि पेन्शनचा रस्ता मोकळा. 'एस'वाल्याला दोन्ही नाही. माणूस तोच, विसरणं तेच, फरक एका अक्षराचा. १९१७ मध्ये तर शेल शॉक हा शब्दच कागदावर लिहायला बंदी झाली, त्याऐवजी 'अद्याप निदान नाही, मज्जासंस्थेचा' अशा अर्थाचा शिक्का आला. रोग कमी झाला नाही, आकडा कमी झाला. बग बंद न करता तिकीट बंद करायची पद्धत आपल्या धंद्याने शोधलेली नाही, एवढं नक्की.

हे झालं गोऱ्या शिपायाचं. आपल्या शिपायांचं काय? त्यांच्याबाबतीत प्रश्नच वेगळा विचारला गेला. १९१४-१५ च्या हिवाळ्यात फ्रान्समध्ये हिंदी सैनिकांच्या हाताला मोठ्या प्रमाणात जखमा दिसू लागल्या, तेव्हा वरिष्ठांना संशय आला की हे लोक घरी जायला मिळावं म्हणून स्वतःवर गोळी झाडून घेताहेत. ब्रायटनच्या किचनर इंडियन हॉस्पिटलचा प्रमुख कर्नल ब्रूस सीटन याने १००० जखमांचा अभ्यास करून अहवाल दिला. सरसकट आरोपाला त्यात आधार मिळाला नाही. सीटनला त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण बघा, हजार माणसांच्या जखमा मोजल्या गेल्या त्या कशासाठी? खोटेपणा पकडण्यासाठी. 'लढाऊ जाती'चा शिपाई म्हणजे धट्टाकट्टा, साधा, फार विचार न करणारा, त्याला कसला आलाय मनाचा आजार, हा समज इतका पक्का होता की त्याच्या स्मृतीची चौकशी करण्याचं फारसं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

मराठा सैनिकांची खरी परवड झाली ती फ्रान्समध्ये नाही, मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. सहावी पुणे डिव्हिजन जनरल टाउनशेंडच्या हाताखाली बगदादच्या दिशेने निघाली, टेसिफॉनला अडली आणि मागे हटत कुत-अल-अमारा या गावात येऊन अडकली. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ असा वेढा, आणि शेवटी शरणागती. या डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या तीन मराठा पलटणी होत्या. म्हणजे आपल्याच घाटावरची आणि कोकणातली पोरं.

कुतचा वेढा बहुतेक इतिहासांत टाउनशेंडच्या चुकांवर घसरतो. मला त्यातली जास्त विलक्षण गोष्ट वाटते ती रेशनची. गोऱ्या सैनिकांना पांढऱ्या पिठाचा पाव आणि घोड्याचं मांस. हिंदी सैनिकांना आटा. घोड्याचं मांस त्यांच्यापैकी बहुतेकांनी अगदी शेवटपर्यंत नाकारलं. परिणाम? हिंदी सैनिकांत स्कर्व्ही पसरला आणि गोऱ्यांत बेरीबेरी. डिव्हिजनचे मुख्य वैद्यकीय अधिकारी कर्नल हेहिर यांनी हे नोंदवून ठेवलं. पांढरं पीठ संपत आलं आणि गोऱ्यांच्या पावात आटा मिसळावा लागला तेव्हा त्यांच्यातली बेरीबेरी उतरली! एकाच गावात, एकाच वेढ्यात, नको असलेला पण चोख असा प्रयोग झाला.

याचा स्मृतीशी काय संबंध? बेरीबेरी म्हणजे ब१ जीवनसत्त्वाची, थायमिनची कमतरता. मेंदूला साखर जाळून ऊर्जा काढायला थायमिन लागतं. ते बरेच आठवडे मिळालं नाही तर मेंदूच्या मध्यभागी असलेल्या काही छोट्या भागांना इजा होते, आणि त्यातले काही भाग नेमके नवीन आठवणी साठवण्याच्या मार्गावर आहेत. माणूस बोलतो, चालतो, जुनं सगळं सांगतो, पण सकाळी काय झालं ते दुपारी त्याला माहीत नसतं. याचा भक्कम पुरावा युद्धकैद्यांकडूनच आला. दुसऱ्या महायुद्धात सिंगापूर पडल्यावर जपान्यांच्या कैदेत असलेल्या डी वॉर्डेनर आणि लेनॉक्स या दोन डॉक्टरांनी अशा ५२ रुग्णांच्या नोंदी ठेवल्या. कैदेत हे कागद सापडू नयेत म्हणून ते डब्यात बंद करून एका कबरीत पुरले होते. युद्ध संपल्यावर ते उकरून काढले आणि १९४७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापले. बॅकअप असावा तर असा.

कुतच्या कैद्यांसाठी असं कोणी लिहून ठेवण्याच्या परिस्थितीत नव्हतं. वेढ्यात अन्नावाचून खंगलेल्या या माणसांना वाळवंटातून चालवत नेलं गेलं. बऱ्याच जणांना रास-अल-ऐनच्या भागात बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपलं. ज्वर, जुलाब, मार, उपासमार, टायफस. यातली प्रत्येक गोष्ट मेंदूला बाधू शकते आणि इथे त्या सगळ्या एकदम होत्या. त्या छावण्यांत राहिलेला शिशिरप्रसाद सर्वाधिकारी हा बंगाली अँब्युलन्स कोअरचा शिकलेला तरुण होता, त्याने लपवून टिपणं ठेवली आणि १९५७ मध्ये 'अभि ले बगदाद' नावाचं पुस्तक बंगालीत छापलं. आपल्या पलटणीतल्या बहुसंख्य शिपायांना अक्षरओळखच नव्हती. त्यांची आठवण हाच त्यांचा एकमेव कागद होता, आणि मार बसला होता तो नेमका त्या कागदाला.

थोडं विषयांतर करतो, पण राहवत नाही. इंग्रजीत वेड लागलेल्या माणसाला 'डूलॅली' म्हणतात. हा शब्द आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचा! इंग्रजांची तिथे लष्करी छावणी होती. नोकरीची मुदत संपलेले गोरे सैनिक मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत तिथे पडून असायचे. जहाजं फक्त हिवाळ्यात सुटायची. हंगाम हुकला तर महिनोन्महिने ऊन, दारू, मलेरिया आणि रिकामपण. तिथे डोकं फिरलेल्याला 'डूलॅली टॅप' झाला म्हणत, आणि हा 'टॅप' म्हणजे आपला ताप. म्हणजे सैनिकाच्या बिघडलेल्या डोक्यासाठी इंग्रजीने शब्द घेतला तो महाराष्ट्रातून, आणि महाराष्ट्रातल्या सैनिकासाठी आपल्याकडे मात्र 'डोस्क्यात फरक' यापलीकडे शब्द नाही. असो.

मूळ प्रश्नाकडे येऊ. स्फोटाने मेंदूला इजा होते की मनाला? शंभर वर्षं हे भांडण चाललं. फ्रेडरिक मॉट या ब्रिटिश डॉक्टरने पहिल्या महायुद्धातच शेल शॉकने मेलेल्या सैनिकांचे मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि त्याला बारीक रक्तस्राव दिसले. पण जिवंत राहिलेल्यांच्या मेंदूत बघणार कसं? हळूहळू मनाची बाजू जिंकली. १९८० मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी पीटीएसडी हे निदान अधिकृत केलं, व्हिएतनामहून परतलेल्यांच्या रेट्यामुळे. मग इराक-अफगाणिस्तानात पेरलेल्या बॉम्बनी प्रश्न पुन्हा उकरला. २०१६ मध्ये डॅनियल पर्ल आणि सहकाऱ्यांनी स्फोट अनुभवलेल्या मृत सैनिकांच्या मेंदूंचा अभ्यास छापला. मेंदूतले करडे आणि पांढरे भाग जिथे भेटतात, रक्तवाहिन्यांभोवती, पोकळ्यांच्या कडेला, तिथे त्यांना वेगळ्याच प्रकारचे व्रण सापडले. नेहमीच्या स्कॅनमध्ये हे दिसत नाही. रुग्ण थोडेच होते, तेव्हा फार उड्या मारायला नकोत. पण मायर्सचा १९१५ चा पहिला अंदाज निदान काहींच्या बाबतीत अगदीच चुकीचा नव्हता, असं म्हणायला जागा आहे.

आज डॉक्टर लोक हा एक किंवा दुसरा असा प्रश्न मानत नाहीत, आणि मला ते पटतं. डोक्याला जोराचा झटका बसला की मेंदूच्या पेशींना जोडणारे लांब तंतू ताणले जातात, काही तुटतात. निरोप पोचतो, पण उशिरा. म्हणून माणूस हळू विचार करतो, गर्दीत संभाषणाचा धागा सुटतो, एका वेळी एकच गोष्ट धरता येते. आता आघाताची बाजू घ्या. रात्री झोप नाही. कुठे फटाका वाजला की अंग ताठ. लक्षाचा मोठा वाटा सतत धोका शोधण्यात खर्च होतोय. ज्याच्याकडे लक्षच गेलं नाही ते साठणार कसं? तेव्हा दोन्ही रस्त्यांनी माणूस एकाच जागी पोचतो: बायकोने सांगितलेलं विसरतो, एटीएमचा पिन विसरतो, आणि जे विसरावंसं वाटतं ते मात्र रोज रात्री तीन वाजता लख्ख आठवतं. त्यात कँटीनची बाटली आली, तर तीही थायमिन खाते. (आपल्याकडे या शेवटच्या गोष्टीवर विनोद होतात. बरेचदा ती झोपेसाठी घेतलेली असते.)

हे आतून कसं दिसतं, हे ज्याने सांगितलं तो एक रशियन सैनिक होता, आणि विशेष म्हणजे आपल्यासारखाच इंजिनिअरिंगवाला. लेव झासेत्स्की. युद्ध सुरू झालं तेव्हा कॉलेजात शिकत होता. मार्च १९४३ मध्ये स्मोलेन्स्कच्या आघाडीवर गोळी डाव्या बाजूने मेंदूत घुसली. वाचला, पण जग तुकड्यांत फुटलं. उजवी बाजू दिसेना, शब्द सापडेनात, 'आईची मुलगी' आणि 'मुलीची आई' यातला फरक लागेना. अक्षरंसुद्धा ओळखता येईनात. मग एक दिवस रुग्णालयात लक्षात आलं की एकेक अक्षर आठवत बसण्याऐवजी हात न उचलता सरळ लिहीत सुटलं तर हाताला अजून येतंय! त्या हाताच्या सवयीवर त्याने पंचवीस वर्षं लिहिलं, सुमारे ३००० पानं. दिवसाला कधी अर्धं पान, कधी तेवढंही नाही. आणि जे लिहिलं ते त्याला स्वतःला धड वाचता येत नव्हतं. अलेक्झांडर लुरिया या मेंदूतज्ज्ञाने ती पानं घेऊन पुस्तक केलं. मिळालं तर जरूर वाचा, इंग्रजी भाषांतर १९७२ सालचं आहे. मला त्यातलं सगळ्यात जास्त हललं ते हे की तो शेवटपर्यंत हुशार होता. काय गेलंय ते त्याला नेमकं कळत होतं. 'डोस्क्यात फरक' म्हणून ज्यांना आपण कोपऱ्यात बसवलं, त्यांनाही कळत असणार.

आता आपल्या आवडीचा तांत्रिक मुद्दा. काहीतरी कमी झालंय हे सिद्ध करायचं तर आधी किती होतं ते माहीत हवं, म्हणजे बेसलाइन हवी. अमेरिकेत व्हिएतनाममध्ये डोक्याला मार लागलेल्या सैनिकांचा कित्येक दशकं पाठपुरावा झाला. तो अभ्यास इतका मोलाचा ठरला त्याचं एक कारण अगदी साधं आहे. भरतीच्या वेळी प्रत्येकाची बुद्धिमापन चाचणी झालेली होती आणि तिचे गुण सांभाळून ठेवले होते. त्यामुळे आधी किती आणि नंतर किती हे माणूसनिहाय सांगता आलं. पुढे २००८ च्या सुमारास अमेरिकेने मोहिमेवर जाण्यापूर्वी सैनिकांची संगणकावर स्मृती-लक्षाची छोटी चाचणी घ्यायला सुरुवात केली. चाचणीत दोष आहेत, टीकाही झाली. पण नसण्यापेक्षा बरी.

कुतहून परतलेल्या शिपायाची बेसलाइन कुठे होती? त्याच्या आईकडे. भरतीला गेला तेव्हा पोरगा कसा होता हे तिलाच माहीत. आणि गंमत म्हणजे आजही स्मृतीच्या तपासणीत डॉक्टर घरच्या माणसाला वेगळं बसवून विचारतात. ज्याची आठवण बिघडलीय त्याला आपण काय विसरलो हे कसं आठवणार? घराघरातल्या बायकांना हे सगळं आधी कळलेलं असतं. त्यांना विचारणारा कोणी नसतो, इतकंच.

आणि हे काही जुन्या जमान्याचं प्रकरण नाही. सियाचीनमध्ये १९८४ पासून आपले जवान १८-२० हजार फुटांवर राहतात. इतक्या उंचीवर कमी प्राणवायूचा परिणाम लक्ष आणि स्मृतीवर होतो, मेंदूला सूज आली तर जीवही जातो. श्रीलंकेत १९८७ ते १९९० या काळात आपल्या शांतिसेनेने पेरलेल्या सुरुंगांचा पहिला मोठा अनुभव घेतला. मग काश्मीर. बरीच वर्षं आपल्या जवानांच्या डोक्यावर 'पटका' होता, पोलादी पत्र्याचा, सुमारे अडीच किलोचा, कपाळ आणि मागची बाजू झाकणारा, वरून उघडा. २०१६ मध्ये सुमारे दीड लाख आधुनिक हेल्मेटांचं कंत्राट दिलं गेलं. हेल्मेट गोळी आणि कपच्या अडवतं. स्फोटाची लाट अडवण्यात मात्र ते कमी पडतं. ती सगळ्या शरीरातून जाते.

मणक्याला इजा झाली तर खडकीला १९७४ पासून पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे. मुरलीकांत पेटकर तर आपल्या शेजारचेच, सांगली जिल्ह्यातले. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अपंगत्व आलं, १९७२ मध्ये हायडलबर्गला पॅरालिंपिकचं सुवर्णपदक पोहण्यात जिंकलं, २०१८ मध्ये पद्मश्री आणि २०२४ मध्ये त्यांच्यावर सिनेमा. उशिरा का होईना, त्यांची कहाणी पोचली, कारण तिला व्हीलचेअर होती, पोहण्याचा तलाव होता, पदक होतं. विसरण्याचा सिनेमा कसा काढणार?

तेव्हा या माणसांची लढाई होते ती कागदावर, आणि ती 'डब्ल्यू' आणि 'एस'चीच नवी आवृत्ती आहे. आपल्याकडे अपंगत्वाच्या पेन्शनसाठी प्रश्न असतो, आजार सैनिकी सेवेमुळे झाला किंवा वाढला का? मेडिकल बोर्डाने 'सेवेशी संबंध नाही' असं लिहिलं की दार बंद. धरमवीर सिंग यांची केस बघा. १९८५ मध्ये सिग्नल कोअरमध्ये भरती, तेव्हा तब्येत ठणठणीत. १९९४ मध्ये फेफऱ्याच्या आजारामुळे २० टक्के अपंगत्व लावून घरी पाठवलं. बोर्डाचं म्हणणं, आजार प्रकृतीतलाच, सेवेशी संबंध नाही. का नाही, याचं कारण लिहिलेलंच नव्हतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०१३ मध्ये निकाल लागला. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर माणूस तेव्हा निरोगी होता असं धरायचं. नंतर आजार झाला तर तो सेवेमुळे झाला असं गृहीत धरायचं. तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारची, आणि बोर्डाने कारणं लिहायला हवीत. शंकेचा फायदा सैनिकाला. २०१५ मध्ये राजबीर सिंग प्रकरणात न्यायालयाने हेच तत्त्व इतरांना लावलं, त्यात फेफऱ्याबरोबर मनाच्या आजाराचेही सैनिक होते.

म्हणजे ज्या बेसलाइनबद्दल मी वर बोललो, ती न्यायालयाने कायद्याने बांधून दिली: भरतीच्या दिवशीची वैद्यकीय तपासणी हीच बेसलाइन. २०२३ मध्ये सरकारने अपंगत्व पेन्शनचे नवे नियम आणले, त्यावरून माजी सैनिकांत बरीच खडाजंगी झाली. तेव्हा कोणत्या सालात सेवा सोडली यावर बरंच अवलंबून असतं आणि जाणत्या माणसाला विचारूनच पाऊल टाकावं.

तुमच्यापैकी कित्येकांच्या घरात, निदान चुलत-मावस नात्यात, असा एखादा पेन्शनीत आलेला काका असेल. हिंजवडीत बसून आपण काय करणार, असं वाटेल. पण हे काम कागदांचंच आहे आणि कागदांत आपण बरे आहोत. पहिलं म्हणजे प्रत्येक विसरणं युद्धामुळे नसतं. थायरॉइड, ब१२, रक्तदाब, ऐकू कमी येणं, यातलं काही असेल तर ते बरं होण्याजोगं असतं, म्हणून तपासणी आधी. कोल्हापुरात माजी सैनिकांसाठी ईसीएचएसचं पॉलिक्लिनिक आहे, तिथून पुढे पाठवतात. जाताना घरचं माणूस बरोबर हवंच, आणि त्या माणसाकडे महिनाभराची साधी वही असावी: काय विसरले, झोप किती झाली, डोकं कधी दुखलं. दुसरं, पत्र्याच्या ट्रंकेतले कागद. डिस्चार्ज बुक, मेडिकल बोर्डाचा अहवाल, कुठल्या हॉस्पिटलात किती दिवस होते त्याच्या चिठ्ठ्या. ते स्कॅन करून दोन ठिकाणी ठेवा. अहवालाची प्रत नसेल तर रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करता येतो, मराठा लाइट इन्फंट्रीचं ते बेळगावला आहे. अर्ज कसा करायचा ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात सांगतात. दावा फेटाळला गेला तर आधी अपील, मग सशस्त्र दल न्यायाधिकरण, ज्याचं एक खंडपीठ मुंबईत आहे.

आणि काकांना डोक्याला मार कधी लागला होता हे विचाराल तेव्हा तारीख विचारू नका. तारीख त्यांना आठवणार नाही. तेव्हा बरोबर कोण होतं ते विचारा. पलटणीतल्या सोबत्यांची नावं बहुतेकांना पाठ असतात, आणि त्यांच्यापैकी एखाद्याला त्या दिवशी काय झालं ते पूर्ण आठवत असतं.